वाऱ्याच्या वेळापत्रकावर मुंबई : शिकायला आलेल्यांसाठी वसंतातल्या निवांत दिवसाची आखणी

मुंबईला वसंत नसतो, असं हॉस्टेलवर दरवर्षी कुणीतरी ठामपणे सांगतं. सांगणारा बहुधा नाशिक, सातारा किंवा नागपूरकडचा असतो आणि त्याच्या गावी सकाळी अंगावर शाल असते. इथे जानेवारी फेस्टिव्हलमध्ये जातो, फेब्रुवारी जर्नल आणि सबमिशनमध्ये जातो. मार्चमध्ये खोलीतला पंखा पाचवर गेला की उन्हाळा आला म्हणून सगळे मोकळे. मधले पाच-सहा आठवडे कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. मुंबईत चैत्र उजाडेपर्यंत घाम सुटलेला असतो, त्यामुळे इथला वापरता येण्याजोगा वसंत वसंत पंचमीपासून गुढीपाडव्यापर्यंत, म्हणजे माघ आणि फाल्गुन. याच दिवसांत काटेसावर आणि पांगारा पानं टाकून लालभडक होतात, देशी बदामाची पानं तांबडी होऊन गळतात, पिंपळाला तांबूस पालवी फुटते. घाटकोपर-विक्रोळीच्या पट्ट्यात पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेची वसंतराणीची झाडं गुलाबी होतात, तीही याच सुमारास. ठाण्याकडून बसने येणाऱ्यांनी निदान त्या दहा मिनिटांपुरतं फोनमधून डोकं वर काढावं.

हा लेख शिक्षणासाठी घर सोडून मुंबईत राहणाऱ्यांसाठी आहे. हॉस्टेल असो, पेइंग गेस्ट असो, काका-मावशीकडची गॅलरी असो. गाव लांब, खिसा हलका, डोक्यावर परीक्षा, अशा अवस्थेत एक अख्खा दिवस निवांत घालवायचा तर मुंबईत थोडी आखणी लागते. हे शहर माणसाचा वेळ प्रवासात खातं. म्हणून माझा एकच आग्रह आहे: एका दिवसात शहराचा एकच पट्टा धरा आणि त्या पट्ट्यात वाऱ्याच्या वेळेप्रमाणे हला.

आधी वारा

खारे वारे आणि मतलई वारे शाळेत पाठ केले होते. मुंबईत ते रोज वापरायचे असतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर गार होते, त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई. फेब्रुवारीच्या सकाळी अंगाला जो गारवा लागतो तो यामुळे. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत शिरते. हा खारा वारा. चांगल्या दिवशी तो दुपारी बाराच्या आत येतो आणि पारा तिथेच रोखून धरतो.

घोळ होतो तो पूर्वेकडून जोराचे कोरडे वारे आले की. ते खाऱ्या वाऱ्याला अडवून धरतात. तो एक-दोन वाजेपर्यंत येत नाही आणि तोवर तापमान वाटेल तिथे पोहोचतं. सांताक्रूझच्या वेधशाळेत २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले होते. आजही फेब्रुवारीअखेर एकाएकी ३७-३८ अंश झाले की कारण बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून आदल्या रात्री हवामानाच्या ॲपमध्ये तापमानाच्या आकड्यासोबत वाऱ्याची दिशाही बघा. दुपारी एकपर्यंत वारा पूर्वेचा दाखवत असेल तर बेत पुढे ढकला. वायव्येचा किंवा पश्चिमेचा असेल तर निघा.

यावरून दिवसाचे तीन भाग आपोआप पडतात. साडेदहापर्यंत झाडांखाली, मग साडेचारपर्यंत छपराखाली, आणि त्यानंतर समुद्राकडे. दुपारी वारा आलेला असला तरी ऊन डोक्यावर असतं. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर दुपारी दोनला बसलेली जोडपी पाहून फसू नका, त्यांना दुसरीकडे जागा नसते.

दिवस कोणता निवडायचा

जमलं तर आठवड्यातला मधला दिवस निवडा. रविवारी मध्य, हार्बर आणि पश्चिम रेल्वेवर मेगाब्लॉक असतो. साधारण सकाळी दहा-अकरापासून दुपारी चार-पाचपर्यंत धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात आणि मधली स्टेशनं गाळली जातात. कॉलेजमुळे रविवारच हाताशी असेल, तर दहाच्या आत पट्ट्यात पोहोचा आणि पाचनंतर परत फिरा. ब्लॉक तुमच्या जेवणाच्या आणि झोपेच्या वेळेत निघून जातो.

बंद असण्याचे वार लक्षात ठेवा. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, कान्हेरी आणि घारापुरी सोमवारी बंद. राणीची बाग आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. होळीच्या आधीचे दोन-तीन दिवस लोकलच्या दारात किंवा खिडकीत उभं राहू नका, रुळांच्या कडेने पाण्याच्या पिशव्या भिरकावतात आणि डोळ्याला लागलं तर खेळ राहत नाही.

परीक्षा जवळ आहे म्हणून वाटणाऱ्या अपराधीपणाचं काय करायचं? काही नाही. अर्धा दिवस फिरून संध्याकाळी अभ्यास असा हिशेब मात्र मांडू नका. त्यात दोन्ही बुडतात. एक पूर्ण दिवस मोकळा घ्या आणि पुस्तक खोलीवर ठेवून निघा.

आदल्या रात्रीची तयारी

मेसवाल्यांना दोन वेळचा डबा नको म्हणून सांगा. बहुतेक मेस आधी सांगितलं तर खाडा धरतात. हॉस्टेलच्या गेटची वेळ आणि सहीचं रजिस्टर बघून ठेवा. पाण्याची बाटली, टोपी, सुती कपडे, चालायच्या चपला, एक चादर किंवा जुनी ओढणी आणि कॉलेजचं ओळखपत्र घ्या. ओळखपत्र संग्रहालयात सवलतीला लागतं आणि बागेत दोघं बसलेली दिसली की शिट्टी मारत येणाऱ्या वॉचमनला दाखवायलाही उपयोगी पडतं.

रेल्वेचा सवलतीचा विद्यार्थी पास फक्त घर ते कॉलेज या टप्प्यापुरता चालतो. त्यापलीकडे गेलात तर वेगळं तिकीट काढा. विनातिकीट धरलं तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं, म्हणजे दिवसाचं खाणं गेलं. तिकीट मोबाइलवर काढता येतं, पण स्टेशनात शिरायच्या आधी. दुसऱ्या वर्गाचं किमान भाडं पाच रुपये आहे. मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं १० रुपये आणि एसी बसचं १२ रुपये झालं आहे.

किती जणांनी जायचं? एकटं उत्तम, दोघं छान, तिघं चालतील. पाच-सहा जणांचा ग्रुप झाला की सकाळचे दोन तास "कुठे भेटायचं" यात जातात आणि शेवटी सगळे मॉलमध्ये सापडतात.

माझा पहिला सल्ला : माटुंगा ते शिवाजी पार्क

नव्या माणसासाठी मी हाच पट्टा सुचवेन. व्हीजेटीआय, आयसीटी, रुईया, पोदार, खालसा ही सगळी कॉलेजं इथेच असल्याने विद्यार्थ्याकडे कुणी वळून बघत नाही. सावली भरपूर, खाणं परवडणारं आणि शेवटी समुद्र.

पहिली अडचण स्टेशनाची. "माटुंगा" मध्य रेल्वेवर आणि "माटुंगा रोड" पश्चिम रेल्वेवर, ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, मध्ये झेड पुलावरून चालत जाता येतं. तुम्हाला मध्य रेल्वेचं माटुंगा हवं, पूर्वेची बाजू. इथे जलद गाड्या थांबत नाहीत. कल्याणकडून जलदने आलात तर कुर्ल्याला किंवा दादरला उतरून धीमी पकडा. हार्बरवाल्यांनी किंग्ज सर्कलला उतरावं. माटुंगा स्थानकाचा सगळा कर्मचारीवर्ग २०१७ पासून महिलांचा आहे. तिकीट तपासनीस काकू कडक आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

साडेसातपर्यंत पोहोचा. फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे तेव्हा ऊन अजून कोवळं असतं. स्टेशनाबाहेर फुलवाले बसलेले असतात. मोगरा, अबोली, केळीची पानं, तमिळ आणि मल्याळम. दोन मिनिटं नुसते उभे राहा, कुणी हटकत नाही. मग नाश्ता. किंग्ज सर्कलला, म्हणजे आताच्या माहेश्वरी उद्यानाला लागून कॅफे मद्रास आहे, १९४० पासूनचं. आठच्या आत गेलात तर टेबल लगेच मिळतं. रविवारी नऊनंतर गेलात तर पाटीवर नाव लिहून फुटपाथवर उभं राहावं लागतं. इडली आणि फिल्टर कॉफी घ्या आणि तिथेच थांबा. दुपारी पोटात जागा लागणार आहे.

नाश्त्यानंतर चालत फाइव्ह गार्डन. हा भाग असा मोकळा कसा राहिला याला कारण आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, वारा न लागणाऱ्या चाळींत माणसं पटापट मेली. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि शहरात हवा खेळवणं हे त्याचं काम ठरलं. समुद्राचा वारा आतल्या वस्तीत जावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट फोडला गेला आणि उत्तरेला दादर-माटुंग्याच्या रिकाम्या जमिनीवर रुंद रस्ते, ठेंगण्या इमारती आणि बागा आखल्या गेल्या. त्यातच मंचेरजी जोशी यांच्या पुढाकाराने दादर पारशी कॉलनी उभी राहिली. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना तेव्हा लावलेली झाडं आता तीन-चार मजल्यांच्या वर गेली आहेत. सकाळी तुमच्या तोंडावर येणारी झुळूक शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी नकाशावर आखून ठेवलेली आहे.

इथे वर बघत चाला. महोगनीची झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडतात आणि थोड्याच दिवसांत कोवळ्या पोपटी पानांनी भरतात. याच वेळी त्यांची मुठीएवढी लाकडी बोंडं तडकतात. बोंडाच्या सालीचे जाड तुकडे फुटपाथवर पडलेले दिसतील. बिया त्यांच्या मागोमाग येतात: एका टोकाला दाणा, पुढे बोटभर लांबीचा तपकिरी, कागदासारखा पातळ पंख. बी सरळ न पडता गरगर फिरत, बराच वेळ घेत खाली येते. एखादी उचला, डोक्याच्या वर धरून सोडा. मग पंख अर्धा मोडून पुन्हा सोडा, दगडासारखी पडेल. इंजिनिअरिंगच्या मुलांचा इथे अर्धा तास सहज जातो.

कान उघडे ठेवलेत तर तीन आवाज नक्की मिळतील. एक कोकीळ, तो ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. दुसरा तांबट, एका लयीत टुक-टुक-टुक करत बसलेला. आवाज जवळून येतो आणि पक्षी मात्र कुठल्यातरी उंच सुक्या फांदीच्या टोकावर असतो, चिमणीपेक्षा जरा मोठा, हिरवा, कपाळ लाल. तिसरा दयाळ, काळापांढरा, शेपूट उभारून सकाळी लांबलचक शीळ घालणारा. हेडफोन लावलेत तर यातलं काहीच मिळणार नाही.

बाकावर चादर अंथरा आणि काहीही करू नका. हा टप्पा सगळ्यात अवघड असतो. पंधरा मिनिटांत हात फोनकडे जातो. बॅगेच्या तळाशी फोन आणि वर बाटली ठेवण्याची युक्ती चालते. कॉलनीत राहणाऱ्यांचा मान ठेवा. गॅलऱ्यांचे आणि खिडक्यांचे फोटो काढू नका, पायऱ्यांवर बसायच्या आधी विचारा. काही बागा दुपारच्या वेळी बंद असतात, फाटकावरची पाटी वाचून घ्या.

साडेदहाला उठा. उन्हात चालायचं ते एवढंच, परत स्टेशनाकडे. स्टेशनाच्या पूर्वेला, मंडईच्या इमारतीत वरच्या मजल्यावर रामा नायक यांचं उडुपी आहे, १९४२ पासूनचं. केळीच्या पानावर जेवा. पान धुऊनच येतं, तरी पाणी शिंपडून पुसून घ्यायची रीत आहे. आधी पोळी किंवा पुरी-भाजी, मग भात-सांबार, मग भात-रस्सम, शेवटी भात-ताक. नवखी मुलं पहिल्याच भाताच्या ढिगाला हो म्हणतात आणि रस्समपर्यंत पोहोचतच नाहीत. पहिला भात थोडाच घ्या. आपल्याकडे वरणभात आधी असतो, त्यामुळे हात आपोआप पुढे जातो, तो आवरा. जेवण झालं की पान स्वतःच्या बाजूला दुमडा आणि उठा. टेबलाशी रेंगाळून गप्पा मारायची ही जागा नाही, मागे माणसं ताटकळत असतात.

दुपार कुठे काढायची

जेवून झोप येणारच. खोली जवळ असेल तर जाऊन झोपा, त्यात कमीपणा नाही. नाहीतर दोन पर्याय आहेत.

दादर पूर्वेला नायगावात, शारदा सिनेमाच्या इमारतीत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. संस्था १८९८ ची, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्याच वयाची. अभ्यासाचं सोडून दुसरं काहीही वाचा. दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे दिसले तर तिथेच बसा. सभासदत्वाचे आणि संदर्भ विभागाचे नियम दारातच विचारून घ्या.

दुसरा पर्याय मला जास्त आवडतो: दुपारचं नाटक. दादर पश्चिमेला प्लाझासमोर शिवाजी मंदिर आणि माटुंगा पश्चिमेला यशवंत नाट्यमंदिर. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी साडेतीन-चारला प्रयोग असतात. बाल्कनीचं तिकीट घ्या, ते स्वस्त असतं. एसी, अंधार, अडीच-तीन तास. मध्यंतरातला बटाटावडा हा प्रयोगाचाच भाग आहे. तिकीट खिडकीवरूनच काढा, खिडकीवरचे काका नाटक कसं आहे ते चेहऱ्यावरूनच सांगतात. नाटक संपेपर्यंत सूर्य कलतो आणि शिवाजी पार्क चालत दहा-पंधरा मिनिटांवर असतं.

आठवड्यातल्या मधल्या दिवशी नाटक नसेल तर छबिलदासच्या गल्लीत वडा खा, रानडे रोडवरून खिडक्या बघत रमतगमत जा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दादरच्या फुटपाथवर ओले काजू, कैऱ्या, हरभऱ्याच्या जुड्या, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी एकाच वेळी दिसतात. देवगडच्या पहिल्या पेट्यांचा भाव विचारायला पैसे पडत नाहीत. विचारा आणि पुढे चला.

संध्याकाळ : कट्टा आणि समुद्र

शिवाजी पार्क १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुलं झालं, १९२७ मध्ये त्याला महाराजांचं नाव मिळालं. मैदानाभोवती सगळीकडून ठेंगणी भिंत आहे, तोच कट्टा. एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरते. नाटक धरलं नसेल तर साडेचार-पाचला पोहोचा. खारा वारा आता स्थिरावलेला असतो. पश्चिमेच्या बाजूला झाडाखालची जागा धरा, पाय मैदानाकडे सोडा. समोर एकाच वेळी दहा-बारा क्रिकेटचे सामने एकमेकांत घुसलेले असतात आणि कुणाचा क्षेत्ररक्षक कुणाच्या पॉइंटला उभा आहे हे बाहेरच्याला कळत नाही. मागून आजोबा मंडळींची फेरी जाते, राजकारणावरचं एक-एक वाक्य प्रत्येक चकरेला कानावर पडतं. तासाभरात त्यांचा अख्खा वाद जोडून होतो.

घरी फोन करायला ही चांगली वेळ आहे. आईला व्हिडिओ कॉलवर मैदान दाखवा. "जेवलास का" या प्रश्नाला आज निदान सांगण्यासारखं उत्तर असेल.

सव्वासहाला उठून चौपाटीकडे चला. मार्चच्या मध्यावर सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो, फेब्रुवारीत त्याच्या दहा मिनिटं आधी. चैत्यभूमीला लागून समुद्रात निघालेली प्रेक्षक गॅलरी आहे, तिथून २००९ मध्ये सुरू झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू समोर दिसतो. चैत्यभूमीत जायचं असेल तर चपला बाहेर, आवाज खाली. भरतीच्या वेळी दादरच्या चौपाटीवर वाळू फारशी उरत नाही, पाण्यात उतरायच्या भानगडीत पडू नका.

रात्रीचं खाणं हलकं घ्या. प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष, किंवा आस्वादमध्ये मिसळ. दोन्हीकडे रांग असते. नाटक धरलं नाही तर सकाळपासून इथपर्यंत सगळा खर्च ठरवलेल्या पैशांत बसायला हवा. त्याहून जास्त होत असेल तर कुणीतरी मध्येच रिक्षा-टॅक्सी केली आहे. मुळात दादरला रिक्षा येतच नाही, हेही नव्या माणसाला सांगावं लागतं. माहीमच्या दक्षिणेला फक्त टॅक्सी.

दुसऱ्या खेपेसाठी पट्टे

चर्चगेट-फोर्ट. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून हा पट्टा उपनगरातल्या मुलांना जवळ आला. हुतात्मा चौकात उतरा. सकाळी ओव्हल मैदानाच्या मधल्या वाटेने चाला: एका हाताला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, दुसऱ्या हाताला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. या सगळ्या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला. दुपारी जहांगीर कलादालन, प्रवेश मोफत, आणि हॉर्निमन सर्कलची बाग, जिथे भर दुपारीही बाकावर सावली असते. ऑफिसातली मंडळी तिथे डबे खातात, त्यांच्यात बसून तुमचाही डबा खा. संध्याकाळी एशियाटिकच्या पायऱ्या किंवा मरीन ड्राइव्ह, दोन्हीपैकी एक. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव असतो. तो जरूर बघा, पण शनिवार-रविवारची संध्याकाळ निवांत म्हणवत नाही.

भायखळा. राणीच्या बागेत लोक पेंग्विन बघायला जातात, मी झाडं बघायला जा म्हणेन. १८६० च्या दशकात लावायला सुरुवात झालेली ही बाग मुळात वनस्पती उद्यान आहे. कैलासपतीची फुलं खोडालाच लगडलेली असतात, आणि सीताअशोक याच दिवसांत केशरी होतो. संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती घारापुरी बेटावरचा आहे.

बोरिवली. राष्ट्रीय उद्यान १०४ चौरस किलोमीटरचं आहे, त्यामुळे "आख्खं बघू" हा विचार फाटकाबाहेरच सोडा. सकाळी लवकर जाऊन कान्हेरीपर्यंत आणि परत, एवढं पुरे. पळस आणि पांगारा वाटेत भेटतात. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं येतात, सगळं सॅकमध्ये ठेवा. दुपार झाली की जंगल कोरडं आणि कडक होतं, बाराच्या आत बाहेर पडा.

रोहित पक्षी बघायचे असतील तर घड्याळाऐवजी भरती-ओहोटीचं कोष्टक लागतं. ठाणे खाडीत हे पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे असतात. पूर्ण ओहोटीला ते चिखलात लांबवर पांगतात आणि ठिपक्यांसारखे दिसतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना काठाकडे ढकलतं. पूर्ण भरतीला चिखल बुडाला की ते नेरुळच्या बाजूच्या पाणथळ जागांवर जातात. म्हणून शिवडीला जायचं तर भरतीच्या दोन-तीन तास आधी पोहोचा. ती वेळ भर दुपारी येत असेल तर तो दिवस सोडून द्या.

सोबत परदेशी वर्गमित्र असेल तर

मुंबईच्या हॉस्टेलांत नेपाळ, भूतान, श्रीलंका, आफ्रिकेतले देश, अफगाणिस्तान इथून आलेली मुलं असतात आणि त्यांना शहर दाखवणारा बहुधा तुमच्यासारखाच, स्वतः बाहेरगावचा असतो. त्याला आधी तिकिटांचं सांगा. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी परदेशी नागरिकांचा दर वेगळा असतो: कान्हेरीला भारतीयांना २५ तर परदेशी पाहुण्यांना ३००, घारापुरीला ४० आणि ६००. पण सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या गटांतल्या नागरिकांना भारतीय दरानेच तिकीट मिळतं. म्हणजे काठमांडूच्या मित्राचे पैसे वाचतात, नैरोबीच्या मित्राचे नाही. त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो, तो बरोबर ठेवायला सांगा.

तिखटाचा अंदाज आधी विचारा, मिसळीपासून सुरुवात नको. पियूष आणि इडली सगळ्यांना चालतं. लोकलमध्ये पहिल्यांदा नेताना सकाळी आठ ते अकराच्या मध्ये शहराच्या दिशेने आणि संध्याकाळी पाचनंतर उपनगराच्या दिशेने नेऊ नका. माटुंग्याला साडेसातला पोहोचायचं म्हटलं की सकाळची गर्दी आपोआप चुकते.

परत फिरताना

आठ वाजता दादरहून विरार किंवा कल्याण जलद पकडायचं धाडस करू नका. साडेनवापर्यंत कट्ट्यावर बसा किंवा दादरहूनच सुटणारी धीमी लोकल बघा, तिच्यात बसायला जागा मिळते. पश्चिम उपनगरात जायचं असेल तर शिवाजी पार्कहून माटुंगा रोड वीस मिनिटांत चालत होतं आणि पूल चढायची दगदग वाचते. दादरलाच चढणार असाल तर फलाटाचा नंबर कुणाला विचारण्यापेक्षा इंडिकेटर वाचा. डिसेंबर २०२३ मध्ये तिथले फलाट पश्चिमेकडून पूर्वेकडे १ ते १४ असे सलग केले: १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. मुरलेला दादरकर अजून जुनाच नंबर सांगतो, आणि तोही पूर्ण खात्रीने.